मामांची बिनआवाजाची गाडी

मामांचा उजवा तळहात वर गेला की ढाब्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं, असा अलिखित नियम होता. समोरच्या हमरस्त्यावरून एखादा ट्रक चढ चढत असायचा. मामा मान किंचित वाकडी करून त्याच्याकडे लक्ष देत आणि ट्रक पुढे गेला की निकाल सांगत. "हिचा स्प्रिंगचा पाटा गेलाय." "हिचा गिअरबॉक्स रडायलाय." एकदा तर त्यांनी एका ड्रायव्हरला जेवणावरून उठवलं आणि चाकाचं बेअरिंग बघायला लावलं. बेअरिंग खरंच गेलेलं होतं. त्या दिवसापासून मांजरसुंब्याच्या आमच्या ढाब्यावर थांबणारे निम्मे ड्रायव्हर चहाआधी मामांना भेटायचे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. गेवराईच्या एका जिनिंगवाल्याच्या ट्रकवर त्यांनी आयुष्य काढलं. कापसाच्या गाठी भरायच्या, गुजरातेत उतरवायच्या, परत यायचं. स्टिअरिंग सुटल्यावर घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून मी त्यांना आणि मामींना माझ्या ढाब्यावर बोलावून घेतलं. मामींनी भाकरीची चूल ताब्यात घेतली. मामांना काम असं नव्हतं. ते रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकत आणि म्हणत, "गाडी बोलती रं. आपुन गप बसलं की समदं कळतं."

मग ढाब्यावर बुटकी आली. शहराकडचा एक करमणुकीचा पार्क बंद पडला, त्यातली एक गो-कार्ट मी उचलून आणली. जमिनीला टेकल्यासारखी बसकी, ना छत ना दार, मागं पेट्रोलचं छोटं इंजिन. ढाब्याच्या मागे डांबराचं एक गोल कडं करून घेतलं. आईबाप जेवतील तोवर पोरं चकरा मारतील, हा माझा हिशेब. बुटकी हे नाव मामींचं. दोरी ओढली की ती असा गलका करायची की टेबलावर माणसं एकमेकांना खुणांनी भाजी मागायची. धूर थेट ताटात. पण मामा खूश होते. कड्याजवळ खुर्ची टाकून ते पोरांना बसवत, पट्टा आवळत आणि हात हलवून सोडत.

त्याच सुमारास मामांचे निकाल चुकायला लागले. एका कोऱ्या पिकअपला त्यांनी तळहात वर केला आणि जाहीर केलं, "इंजिन खोलावं लागतंय हिचं." ड्रायव्हर हसत म्हणाला, "मामा, शोरूममधून आणून महिना न्हाई झाला." मामा ठाम. "तुला न्हाई कळायचं." मी एकदा म्हणालो, "मामा, गॅस संपत आलाय." ते म्हणाले, "मघाशीच जेवलो." मला वाटलं, वय झालंय, ध्यान राहत नाही. कधी वाटायचं, मुद्दाम चेष्टा करतात. नेमकं काय, ते ठरवता येईना. कारण दुसऱ्याच दिवशी एखाद्या गाडीबद्दल ते अचूक सांगत आणि मी पुन्हा गोंधळात पडे.

एका रविवारी बुटकीतलं ऑइल संपलं होतं. ती चकरा मारत होती आणि आत कुणी घण घालतंय असा खडखडाट चालला होता. गिऱ्हाइकांनी कानावर हात घेतले. तंदूरवाला भट्टी सोडून बाहेर आला. मामा मात्र खुर्चीत निवांत बसून गाडीतल्या मुलीला आणखी एक चक्कर मारायची खूण करत होते. मी पोचेपर्यंत इंजिन जाम झालं.

"मामा, एवढी खडखडत होती, तुमी बंद कावून केली न्हाई?"

मामांनी इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खडखडत होती?" ते म्हणाले. आणि लगेच, "पेट्रोलात भेसळ असंल." त्या दिवशी ते पुन्हा रस्त्याकडच्या खुर्चीत बसले नाहीत.

केजहून अन्वरभाईंना बोलावलं. त्यांचं गॅरेज होतं आणि हल्ली त्यांच्याकडे बॅटरीच्या रिक्षांचंच काम जास्त यायचं. त्यांनी इंजिन खोललं, बंद केलं आणि सांगितलं, "हिचे पार्ट कुठं भेटायचे न्हाईत. रिक्षाची मोटर टाकू. धूर न्हाई, पेट्रोल न्हाई, दोरी ओढायची कटकट न्हाई."

मामा भडकले. "बॅटरीवर? ती काय टॉर्च हाय का?"

"मामू, सगळी दुनिया बॅटरीवर चालली."

"चालू द्या की. ही चालू हाय का बंद, हे कसं कळायचं?"

"चाक फिरलं की कळतं," अन्वरभाई म्हणाले. मामांना ते पटलं नाही, पण हातही मागे घेववेना. इंजिन, टाकी, सायलेन्सर उतरवताना तेच पुढे होते. त्या जागी लोखंडी पट्टी वेल्ड करून मोटर बसवली. सीटच्या दोन्ही अंगांना बॅटऱ्या. साखळी सरळ रेषेत येईना, तेव्हा मामांनी जमिनीला गाल टेकवून एक डोळा मिटला आणि मोटर नखभर सरकवायला लावली. बॅटऱ्यांच्या वजनानं बुटकी आणखी बसली. ते बघून मामा म्हणाले, "ब्रेक नवा टाका. ॲक्सिलेटर सोडला की इंजिन गाडी धरून ठिवायचं. आता ही कोण धरणार?" अन्वरभाईंनी मुकाट्यानं ब्रेक बदलला.

वायरींनी मात्र सगळ्यांचं डोकं फिरवलं. मोटर एका कंपनीची, तिला वीज सोडणारा कंट्रोलर दुसरीचा आणि दोन्हींच्या वायरींचे रंग एकमेकांशी जुळेनात. हिरवी हिरवीला जोडली तर मोटर नुसती थरथरायची. पिवळी निळीला दिली की फिरायची, पण आचके देत. अन्वरभाई बोटांवर रंग मोजत, विसरत, पुन्हा मोजत. मी फोनवर व्हिडिओ लावायचो, तर त्यातला माणूस तिसरेच रंग सांगायचा. मामी पीठ मळता मळता म्हणाल्या, "तिघं मिळून हिला येडी करताल."

शेवटी मोटर सुरळीत फिरली. अन्वरभाईंनी पुढं-मागं करायचा खटका बसवला, चावी फिरवली आणि पक्कड आणायला वळले. तेवढ्यात मामा बुटकीत जाऊन बसले. आवाज नाही, थरथर नाही. गाडी बंदच आहे असं धरून त्यांनी पेडल दाबलं, आणखी दाबलं. खटका उलटा जोडला गेला होता. बुटकी जी मागे सुटली ती थंड पेयांच्या रिकाम्या क्रेटमध्ये घुसली आणि तिथल्या बाजेचा पाय मोडून थांबली.

"मामू, पाय काढा! चालू हाय!" अन्वरभाई ओरडत धावले.

आम्ही त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. गुडघा सोलला होता, बाकी काही नाही. पण मामांचा चेहरा पांढरा पडला होता. "बंद होती," ते म्हणाले. "म्या बसलो तवा बंद होती."

"चालूच हुती मामू. हिचा आवाजच न्हाई येत."

"तुला न्हाई येत?"

"न्हाई."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "तुला?"

"मलाबी न्हाई, मामा. कुणालाच येत न्हाई. ती अशीच असती."

त्यांनी पुन्हा अन्वरभाईंकडे, मग चुलीपासून पळत आलेल्या मामींकडे बघितलं. आपल्याला कुणी फसवत तर नाही, हे तपासल्यासारखं. मग म्हणाले, "मग बरंय." थोडं थांबून म्हणाले, "मला कुठलीच गाडी ऐकू येत न्हाई. रिटायर झालो आन् हळूहळू गेलं. म्या नुसता अंदाजानं बोलतो. धूर बघतो, चाक बघतो, कुठं झुकली ती बघतो."

मामींनी पिठाच्या हातानंच त्यांचा खांदा धरला. अन्वरभाईंनी खिशातला रुमाल ओला करून मामांच्या गुडघ्यावर धरला.

बीडला नेऊन कानाचं मशीन घेतलं. ते लावून मामा पहिल्यांदा ढाब्यावर आले तेव्हा पुरते बावरले. पंखा, परात, पातेलं, ट्रक, सगळं एकाच मापानं डोक्यात शिरायला लागलं. "एवढी बोंब असती का हितं?" ते म्हणाले आणि मशीन काढून डबीत ठेवलं. नंतर ते जेवताना लावत, पण कड्याजवळ जाताना डबीतच ठेवत. बुटकीजवळ त्याची गरजच नव्हती. पोरं बसवावीत, पट्टा आवळावा, सोडावं. गाडीचा वेग बांधून ठेवणारी वायर असते, ती त्यांनी कायमची जोडून घेतली. गावातल्या एका वजनदार माणसाचा पोरगा ती काढा म्हणून हटून बसला, तर मामा म्हणाले, "उतर खाली. रांगेत दुसरी लेकरं हायेत."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली, बीडच्या रस्त्यातच संपलं. दहाव्याला गेवराईहून एक माणूस आला. मामांच्या ट्रकवर तो बरीच वर्षं क्लीनर होता, आता स्वतः ट्रक चालवतो. बोलता बोलता मी त्याला बुटकीचा किस्सा सांगितला. तो हसला नाही.

"रिटायर झाल्यावर?" तो म्हणाला. "न्हाई हो. त्याच्या लई आधीपास्न. रिव्हर्सला क्लीनर ट्रकचा पत्रा वाजवतो ना, त्यांनी मला ते बंद करायला लावलतं. आरशात दिसंल असा हात कर म्हणायचे. मागून हॉर्न वाजला की मीच त्यांच्या खांद्याला हात लावायचो."

"तुमी कुणाला सांगितलं कावून न्हाई?"

"गाडी लई जपून चालवायचे," तो म्हणाला. मग त्यालाही ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं.

तो गेल्यावरही माझं डोकं ठिकाणावर येईना. हमरस्त्यावर, कापसाच्या गाठी घेऊन, काही न ऐकू येता? राग यायचा, मग त्यांचा त्या दिवशीचा पांढरा पडलेला चेहरा आठवायचा आणि राग जायचा. शेवटी मी चुलीजवळ गेलो. मामी विस्तव मागे ओढत होत्या. विचारलं, "मामी, मामांचे कान गेलेत हे तुमाला आधीपास्न ठावं हुतं का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मधल्या काही सालांपास्न म्या बोलाया लागले की ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे. आधी कधी बघितलं न्हाई असं. मला वाटायचं, उतारवयात माया आली माणसाला."

बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू आता ते मीच ठरवून सांगायचं होतं. मग त्यांनीच पदरानं तोंड पुसलं.

"मायाबी असंलच की," त्या म्हणाल्या आणि तव्यावर भाकरी टाकली.