खाऱ्या पाण्याची टाकी

"काकू, गोड्या पाण्याची करा ना. सोपी असते," दुकानदार म्हणाला.

"सोपंच हवं असतं तर माशांचं कॅलेंडर लावलं असतं भिंतीवर," मी म्हणाले.

तो हसला नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीचं सामान मागणारी साठीला टेकलेली बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. मी एकेक वस्तू सांगत गेले. समुद्री मीठ, खारटपणा मोजायचं यंत्र, पाणी फिरवायचा पंप, भोकाभोकांचे दगड. तेव्हा तो खुर्चीत सावरून बसला आणि काकूची मॅडम झाली.

ही हौस मूळची माझी नाहीच, ह्यांची. हे म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि आता ठरवलं तरी जीभ वळत नाही. लग्नानंतर लवकरच ह्यांनी सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत समुद्र आणून ठेवला. कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे पंप, वायरी, नळ्या यांत ह्यांचा हातखंडा. मला शिकवलं ते सगळं ह्यांनीच. टाकीत नुसते मासे नसतात. दगड जिवंत, वाळू जिवंत, दोन्हींत डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि दगडावर फुलासारखं उघडतं ते कोरलही जिवंत. उन्हाळ्यात पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून साधं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. मी घाई केली की म्हणायचे, "अगं, समुद्र आहे तो, कुकर नाही." पुढे भारनियमनाची वर्षं आली. तासन् तास वीज नाही, पंप बंद, आणि आम्ही दोघं आळीपाळीने हाताने पाणी ढवळतोय. शेवटी एका मे महिन्यात सगळं मेलं. ह्यांनी टाकी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर दोघांनीही तिचा विषय काढला नाही.

ती टाकी मी परत खाली काढली त्याला कारण होतं.

हे विसरायला लागले होते. सुरुवातीला हसण्यावारी नेलं. मंडईत स्कूटर लावून चालत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर चोरीला गेली म्हणून माझ्यावरच ओरडले. मग गॅस चालू राहू लागला. मग एकदा टिळक रस्त्यावर उभे राहून एका अनोळखी माणसाला, आमचं घर कुठे आहे, असं विचारत होते. नशीब, तो माणूस आमच्याच इमारतीत क्लासला येणाऱ्या मुलीचा बाप निघाला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हे मागे फिरणारं दुखणं नाही हेही सांगितलं. वर म्हणाले, रोज एक ठरलेलं काम त्यांच्या हातात द्या.

आम्हाला मूलबाळ नाही. मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. घरापासून चालत पाच मिनिटं, पण सकाळ आणि संध्याकाळ बांधलेली. निवृत्तीला अजून अवकाश होता आणि नोकरी सोडून चालण्यासारखं नव्हतं. सोबतीला माणूस ठेवून पाहिला. पहिल्याला ह्यांनी चोर ठरवलं, दुसऱ्याला दारातूनच "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून परत पाठवलं. तिसरा स्वतःच पळाला.

माझी नणंद कात्रजला राहते. ह्यांच्यापेक्षा लहान, पण बोलण्यात सगळ्यांची आई. ती म्हणाली, "वहिनी, दादाला आता घरी एकटं ठेवायचं नाही. लोणी काळभोरच्या पुढे अशा पेशंटांना सांभाळणारं एक केंद्र आहे. मी बघून आले. स्वच्छ आहे, झाडं आहेत, माणसं बरी आहेत."

"झाडं काय, सारसबागेतही आहेत," मी म्हणाले. "म्हणून मी त्यांना तिथे सोडून येऊ?"

"तू कामावर असताना त्याचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

मला तिचा संताप आला. उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं! पण रागाच्या मुळाशी भीती होती. ह्या माणसाशिवाय मी कधी जेवायलासुद्धा बसले नव्हते. शेवटी मीच म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. मी त्यांच्या हातात एक काम देते. ते त्यांनी नीट सांभाळलं तर ते घरी राहतील. नाही सांभाळलं, तर तू म्हणशील तसं." नणंद कबूल झाली. मी माळ्यावर चढले.

टाकी खाली आली आणि मला माझा नवरा परत मिळाला. खोटं नाही सांगत. सकाळी चहा घेतला की नाही हे ज्याला आठवत नव्हतं, त्या माणसाने पंपाची जोडणी बघता बघता केली. मी मीठ भसाभसा ओतायला लागले तर माझा हात धरून म्हणाले, "हळू. आधी पाणी, मग मीठ, मग वाट बघ." नुसते दगड आणि पाणी घेऊन आम्ही महिनाभर बसलो, कारण मासे सोडण्याआधी पाणी मुरावं लागतं. येणारेजाणारे विचारायचे, "मासे कुठे आहेत?" हे म्हणायचे, "यायचेत. तुमच्यासारखे न सांगता येत नाहीत ते." मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. कित्येक महिन्यांनी ह्यांचं असं खवचट बोलणं ऐकलं होतं.

मग केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आले, काही गोगलगायी आल्या. लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी आली. ती माशांच्या अंगावरची घाण खाते, आणि ह्यांनी पाण्यात हात घातला की ह्यांची नखंही साफ करायची. हे तासभर हात बुडवून उभे राहायचे. "बघ, बघ, गुदगुल्या करते!" कोथरूडच्या एका हौशी माणसाने आपल्या टाकीत वाढलेल्या कोरलचे तुकडे कापून दिले. ते आम्ही दगडावर चिकटवले आणि आठवडाभरात ते उघडले. त्या दिवशी मी शिरा केला.

ह्यांचं काम एकच. टाकीच्या काचेवर मी निळी चिकटपट्टी लावली होती. पाणी पट्टीच्या खाली गेलं की कॅनमधलं शुद्ध पाणी प्लॅस्टिकच्या मगने मागच्या कप्प्यात घालायचं, पट्टीपर्यंत. त्या कप्प्यात पंप असतो आणि तिथून पाणी सगळीकडे फिरतं. मी दुपारी घरी आले की आधी पट्टी बघायची. पाणी बरोब्बर पट्टीला लागलेलं असायचं. मला वाटायचं, जिंकले. नणंदेला मी फोटोवर फोटो पाठवत होते.

ती एकदा बघायलाच आली. टाकीसमोर बराच वेळ बसली, दादा कसा बोलतोय ते पाहिलं आणि जाताना पिशवीतून तांब्याचा गडू काढला. "रात्रभर ह्यात पाणी ठेव आणि सकाळी दादाला प्यायला दे. डोक्याला चांगलं असतं म्हणतात." बिचारीने प्रेमाने आणला होता. पण हे ताडकन म्हणाले, "तांबं टाकीजवळ नको. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. माशांना एक वेळ चालेल, पण कोळंबी, गोगलगाय, कोरल, सगळं मरतं." नणंद माझ्याकडे बघत राहिली. मी भुवया उंचावल्या. म्हटलं, बघ, हा माणूस तुला केंद्रात पाठवायचाय! गडू मी स्वयंपाकघरात, ओट्याच्या पार टोकाला ठेवला.

काही गोष्टी दिसत होत्या, नाही असं नाही. एकदा टाकीकडे बोट दाखवून ह्यांनी हळूच विचारलं, "ही कुणाची आहे? घेऊन कधी जाणार?" एकदा मला "बाई, तुम्ही आता घरी जा, आमच्या घरच्या येतील एवढ्यात" म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. पण नणंदेला त्यातलं काही सांगितलं नाही. तोंडाला कुलूप लावून मी दिवाळीची वाट बघत होते.

गणपती होऊन गेले होते. कोरल मिटलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं, उकाड्याने असेल. दुसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून वाळूत पडलेल्या. खारटपणा मोजला, ठीक. पाणी किती गरम झालंय ते पाहिलं, ठीक. थोडं पाणी बदललं. त्यानंतरच्या दुपारी दवाखान्यातून आले तर कोळंबी दगडाच्या फटीत आडवी, पाय वर. कोरलचा चिकट लगदा झालेला. मासे मात्र मजेत फिरत होते, जसं काही घडलंच नाही.

हे आत झोपले होते. पंप अडकला की काय, म्हणून मी मागच्या कप्प्यात हात घातला. बोटांना गार धातू लागला. बाहेर काढला तर तांब्याचा गडू. बाहेरून काळपट, आतून घासल्यासारखा लखलखीत, आणि कडेला हिरवट.

मी तिथेच खाली बसले. कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. पाणी घालायला हाताशी काहीतरी हवं, म्हणून गडू घेतला असणार, आणि उद्या परत लागेल म्हणून तिथेच ठेवला असणार. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. ओट्याच्या टोकाला, गडूच्या जागी, प्लॅस्टिकचा मग छान विसळून पालथा घातलेला. मला मेलीला रोज निळी पट्टी तेवढी दिसत होती. सकाळी घाईत मी फिल्टरच्या नळाखाली पेला धरायची आणि ह्यांच्या हातात द्यायची, गडूची आठवणही राहिली नव्हती. आणि पाण्यात एकदा तांबं उतरलं की दगड आणि वाळूही ते धरून ठेवतात, म्हणजे नुसतं पाणी बदलून भागत नाही. सगळंच फेकायचं.

बाहेर पावलं वाजली. मी गडू घाईघाईने पदराआड लपवला आणि बाहेर आले. हे टाकीसमोर उभे होते. लेंगा, बनियन, केस विसकटलेले. मी म्हटलं आता विचारतील, ही कुणाची म्हणून. पण त्यांनी चष्मा लावला. वाकून एकेक दगड पाहिला. कोळंबी पाहिली.

"मासे जिवंत आहेत," ते म्हणाले. "कोळंबी गेली, गोगलगायी गेल्या, कोरल गेलं. उकाड्याने मासे आधी गेले असते." मग माझ्याकडे वळले. नजर इतकी स्वच्छ, जशी कारखान्यातून बंद मशीन चालू करून आल्यावर असायची. "तांबं आहे हे. कुणीतरी ह्यात तांबं घातलंय."

"असेल," मी म्हणाले. पदराआडचा गडू माझ्या पोटाला टोचत होता.

"असेल काय? आहेच. मी नव्हतो घरी तेव्हा. कोण होतं घरात?"

"मी दवाखान्यात होते. मला नाही माहीत," मी म्हणाले.

ते चिडले. "अगं, जीव आहेत ते! महिनाभर पाणी मुरवलं आपण. ज्याला एवढंही कळत नाही त्याच्या भरवशावर घर टाकून जातेस तू? आज कोळंबी मेली. उद्या गॅस उघडा ठेवेल, घर पेटवेल, तुला मारेल." त्यांनी माझा हात धरला, घट्ट, दुखेल इतका. "कोण असेल ते असो. त्याला पुन्हा ह्या घरात एकटं सोडायचं नाही. कबूल कर माझ्याकडे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कित्येक महिन्यांत ते माझ्याशी इतकं नीट, इतकं सलग बोलले नव्हते. माझा नवराच बोलत होता तो, पूर्वीचा, माझी काळजी करणारा.

"कबूल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हात सोडला. खुर्चीत बसले आणि माशांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "छान आहेत मासे. कुणाचे आहेत?"

मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि नणंदेला फोन लावला. म्हटलं, "केंद्रात जागा आहे का विचार."

मला वाटलं होतं, मी बोललेच होते म्हणेल. पण ती म्हणाली, "वहिनी, असं एकदम? दादाला विचारलंस का तू?"

"मी नाही गं ठरवलं," मी म्हणाले. "तुझ्या दादानेच ठरवलं."