हाड मोडलं की हॉकी बंद

इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये चार मराठी घरं जेवायला जमली, की मसालेभात संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, तुझं ते आइस हॉकीचं सांग ना." आता हे किस्से मी काही गोळा करायला गेले नव्हते. मुलांच्या मोज्यांसारखे ते आपोआप साठतात. एक धुवायला टाकावा, तर सोफ्यामागून दुसरा निघतो.

मुळात मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई. बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची वस्तू, एवढीच माझी ओळख. दोन हजार पाचच्या सुमाराला आमचा ईशान इथल्या मुलांच्या लीगमध्ये खेळायला लागला. हेड कोच कॉलिन, एरवी बॉयलर दुरुस्त करणारा माणूस. बेंचवर आणखी एक मोठं माणूस असल्याशिवाय मॅच होत नाही, असा लीगचा नियम. बाकीचे आईबाप ऐन वेळी कॉफीच्या रांगेत गायब! कॉलिनने मलाच धरलं. मी म्हटलं, मला स्केटिंग येत नाही. तो म्हणाला, "बेंच लाकडाचं आहे." झाले मी असिस्टंट कोच.

काम एकच. मुलं दमली की बेंचचं दार उघडायचं, दमलेली आत घ्यायची, ताजी बर्फावर सोडायची, दार लावायचं. आईला फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकून दरवान झालीस."

*

आमची गोलकीपर केतकी नाडकर्णी, दहा वर्षांची. तिचे वडील हाडांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांची मोडकी मनगटं बघून त्या माणसाला सगळं जगच ठिसूळ वाटायचं. केतकीने डोकं खाऊन खाऊन परवानगी मिळवली, पण डॉक्टरांनी मला समोर बसवून अट घातली. "टीममधल्या कुणाचंही एक हाड मोडू दे. त्या दिवसापासून हिचं हॉकी बंद."

मी म्हटलं, अहो डॉक्टर, हिचं मोडलं तर समजू शकते, दुसऱ्याच्या हाडाशी हिचा काय संबंध? ते म्हणाले, "आज त्याचं, उद्या हिचं. मी उद्यापर्यंत थांबत नाही."

शेजारी बसलेल्या केतकीने लगेच मान डोलावली. हॉकीसाठी ती पोर काहीही कबूल करायला तयार होती. ते गलेलठ्ठ पॅड बांधून गोलमध्ये उभी राहिली की भलतीच खूश दिसायची.

*

केतकीने ही अट टीमला सांगितली. झालं! आमची मुलं पडली की उठायच्या आधी ओरडायची, "बोन्स ओके, केट!" गोलमधून केतकी अंगठा दाखवायची, मग पोरगं उठायचं. समोरच्या टीमला वाटायचं ही काहीतरी गुप्त खेळी आहे. एका कोचने तर कॉलिनला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठे शिकवतात?

मग एकदा टीममधल्या जॅकचा दात पडला. सगळी टीम हवालदिल. केतकी रडवेली होऊन म्हणाली, "काकू, दात म्हणजे हाड का?" माझी टेस्टिंगची अठरा सर्टिफिकेटं तिथे काय कामाची! मी रिंकवरूनच डॉक्टरांना फोन लावला. दात पडल्याचं सांगितलं.

"दुधाचा की कायमचा?"

"दुधाचा. आधीच हलत होता."

"मग राहू द्या."

*

आमच्या ईशानला लहानपणापासून सवय, कुणाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा. घरी ठीक आहे हो. हा भर मॅचमध्ये, स्केट समोरच्याच्या पायाला लागला म्हणून थांबला, वाकला, त्याच्या पायाला हात लावून छातीशी नेला. तेवढ्यात समोरचा पक, म्हणजे ती रबराची चकती, घेऊन गेला आणि गोल करून परत आला.

कॉलिनने मला विचारलं हे काय, मी सांगितलं. त्याला पटलं. त्याने टीमला बजावलं, करा, पण शिट्टी झाल्यावर.

पुढच्या मॅचला शेवटची शिट्टी झाली आणि आमची सगळी टीम, जॅकसकट, समोरच्या पोरांच्या मागे लागली. ज्याचे जेवढे नमस्कार तुंबले होते, तेवढे फेडायला. ती पोरं घाबरून ड्रेसिंग रूममध्ये पळाली.

*

दिवाळीत मी मध्यंतरासाठी बेसनाचे लाडू नेले. प्रत्येक पोराच्या तोंडात अख्खा लाडू, तो टाळ्याला चिकटलेला, कुणाला बोलता येईना. कॉलिनचं भाषण पहिल्यांदाच मध्ये कुणी न तोडता पार पडलं. तेव्हापासून महत्त्वाची मॅच असली की त्याचा आदल्या दिवशी फोन यायचा, तो डावपेचांसाठी नाही.

*

सीझनची शेवटची मॅच. तोपर्यंत कुणाचंही काही मोडलं नव्हतं, आणि आजचा दिवस निभावला की केतकी पुढच्या वर्षीही खेळणार, हे डॉक्टरांनी कबूल केलं होतं. तिच्या आईची ड्यूटी होती, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच डॉक्टर स्वतः आले. लांब कोट, चकचकीत लेदरचे बूट. माझ्या बेंचमागे उभे राहिले आणि प्रत्येक धक्क्याला डोळे मिटत होते.

मॅच संपत आली होती. एक पक सणसणत आला आणि केतकीच्या हेल्मेटवर बसला. ती आडवी झाली ती हलेचना.

रेफरीने बोलावल्याशिवाय बर्फावर जायचं नसतं. मी ते सांगेपर्यंत डॉक्टर माझ्या दारातून गेले होते. लेकीचं नाव घेत धावले, आणि निम्म्या वाटेवर त्या बुटांनी दगा दिला. हात टेकून पडले. आवाज मला बेंचवर ऐकू आला.

केतकीला काहीच झालं नव्हतं. हेल्मेट फिरून डोळ्यांवर आलं होतं, म्हणून काही दिसेना एवढंच. ती ते सरळ करून उठली, वडिलांपाशी आली, हातमोजा काढून गुडघ्यावर बसली.

"बाबा, बोटं हलवून दाखवा."

डॉक्टरांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. पांढरेफटक पडले होते, पण आवाज ओपीडीतलाच. "मोडलंय," ते म्हणाले.

एव्हाना सगळी टीम भोवती गोळा झाली होती. "मोडलंय" चा अर्थ जॅकलासुद्धा न सांगता कळला. केतकीने वडिलांचा हात अलगद आपल्या पॅडवर ठेवला, मान वर केली आणि माझ्याकडे बघत हळूच विचारलं,

"काकू, बाबा आपल्या टीममध्ये नाहीयेत ना?"