कुंडलिकरावांनी खुडलेलं खाचर

मार्गासनीच्या कुंडलिकरावांना शेतीतलं काय कळतं, हे विचारायची सोय नाही. कारण विचारलं की ते सांगतात. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून, हात मागं बांधून ते पिकाकडं असे पाहतात, की भातालाही वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. या ज्ञानातलं गुंजभरही त्यांनी कधी स्वतःच्या रानात वाया घालवलं नव्हतं.

यंदा लेकीचं, आरतीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि त्यांनी सोयऱ्यांपुढं जाहीर करून टाकलं, की पंगतीला भात घरच्या खाचरातला, इंद्रायणी; विकतचा दाणा चुलीवर चढणार नाही. बोलून बसले. आता निभावणं आलं.

युरियाची टंचाई होती. नसरापुरात दिवसभर रांगेत उभं राहून मिळालेली एकुलती एक गोणी त्यांनी ऐटीत खाचरभर विस्कटली. आधी खालच्या खाचरात पाणी जायचं तोंड बुजवावं लागतं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण असली किरकोळ कामं कुंडलिकराव करत नसत. सांजच्याला पाऊस कोसळला आणि युरिया विरघळून सरळ खालच्या हैबतीच्या भातात नांदायला गेला.

हैबतीचं भात तरारून हिरवंकाळं झालं. इकडं कुंडलिकरावांच्या भाताची बुडातली पानं पिवळी पडू लागली. त्यांनी बांधावरूनच निकाल दिला : ही म्हातारी पानं ऐतखाऊ, बसून खातात, खुडून टाका.

खरं तर ऐतखाऊ कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नत्र कमी पडलं की रोप आधी आपली जुनी पानं मोडायला काढतं. त्यांच्यातला हिरवेपणा उकलून त्यातलं नत्र वर कोवळ्या पानांना, पुढं लोंबीतल्या दाण्याला धाडतं. पान पिवळं होतं ते हे देणं चालू असताना. शेताकडं निघालेली भाकरी वाटेतच हिसकून ओढ्यात फेकावी, तसं कुंडलिकरावांनी खुडायला घेतलं.

पारूबाई, त्यांची बायको, एवढंच म्हणाली, "अवो, द्यायचं ते दिऊन हुंदे की. मग आपली आपण वाळत्याल ती."

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणून ते चिखलात वाकले. निम्मं खाचर खुडून झालं आणि कंबर धरली. पारूबाईनं त्यांना धरून घरी नेलं. बाजेवर पडल्या पडल्या ते हळहळत राहिले, की उरलेलं निम्मं आता वाया जाणार.

झोडपणीत खुडलेल्या निम्म्यात फोलपटंच फार निघाली. न खुडलेल्या निम्म्यात दाणा बेताचा, पण भरलेला. म्हणजे लेकीच्या लग्नाचा जो काही भात पिकला, तो कुंडलिकरावांच्या कंबरेनं पिकवला. पंगतीला मात्र तो पुरणार नव्हता, आणि विकत आणावा तर सोयऱ्यांपुढं नाक कापलं जात होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत. बोललेही नाहीत, हे त्याहून नवल.

तिसऱ्या दिवशी हैबती टेम्पोतून भाताची पोती घेऊन आला.

"घ्या, कुंडलिकराव. युरिया तुमचाच हाय. इकत न्हाई देत, म्हंजी तुमचा सबुद बी ऱ्हातोय."

कुंडलिकरावांनी पोतं उघडलं, दाणा तळव्यावर घेतला आणि जरा बारीक आहे म्हणाले.

लग्नात कुंडलिकराव स्वतःच भात वाढत होते. व्याह्यांच्या पानाशी थांबून त्यांना सांगत होते, की पिवळी पानं वेळेवर खुडली म्हणून असा दाणा पडतो. पारूबाई आमटीची बादली घेऊन पुढं सरकली. शेजारी बसलेल्या हैबतीनं फक्त पान पुढं सारलं.

"वाडा की. घरचंच हाय."