दुसऱ्या खुर्चीचा वस्तरा

माझी बायको वस्तऱ्याला धार लावते, आणि अशी लावते की आमच्या भागात तिच्या तोडीचं कोणी नाही. मी तिचा नवरा आहे, तेव्हा माझ्या बोलण्यातून हवं तर थोडं वजा करा. उरलेलंही पुष्कळ होईल.

तिच्या मामांचं केस कापायचं दुकान आहे. तिथे ती अकरा वर्षं टॉवेल धुवायची, केस झाडायची, गिऱ्हाइकांना बसवायची. दुकानात खुर्च्या दोन. दुसरीवर मामांचा जोडीदार काम करायचा. गुडघ्यांपायी तो घरी बसला, तेव्हापासून ती खुर्ची रिकामी होती. एक दिवस बायकोने हातातला झाडू बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मामा, ही खुर्ची मला द्या."

केस कापायला मामांनी तिला शिकवलंच होतं. अडत होतं ते दाढीवर. बाकी सगळीकडे बदलायच्या पात्यांचे वस्तरे आलेत, वापरा आणि फेका. मामांकडे मात्र अजून जुना, अख्ख्या पात्याचा वस्तरा चालतो. त्यांचा नियम असा की जो दाढ्या करणार त्याने आपला वस्तरा आपणच लावायचा आणि दुकानातली पहिली दाढी मामांची करायची. ती मामांना पसंत पडली तर खुर्ची त्याची.

"पण वकीलबाई," मामा म्हणाले. ती वाद घालते म्हणून हे नाव. "धार बोटाला कळत नाही, गालाला कळते. आम्ही रोज आपल्याच गालावर बघतो. तुला गाल आहे, पण दाढी कुठे आहे?"

"नवऱ्याला आहे की," बायको म्हणाली.

अशा रीतीने मी या भानगडीत सापडलो. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तिचा पहिला वस्तरा आला. डबीतून काढला तेव्हा नुसता चकाकत होता, पण नव्या वस्तऱ्याने दाढी होत नसते. धार आपण आणायची. ओट्यावर ओलं फडकं, फडक्यावर दगड, दगडावर पाणी. वस्तरा आडवा झोपवायचा, धार पुढे ठेवून ढकलायचा, कूस पालटून परत आणायचा. मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, तिथे मात्र पाठ पुढे. एवढं झालं की मी ऑफिसला जायच्या आधी ती माझ्या तोंडाला फेस फासायची.

पहिल्याच सकाळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ओढतोय का हो?"

"छे! लोण्यासारखा चाललाय."

मी पोस्टात खिडकीवर बसतो. लोकांना दिवसभर "होईल, होईल" म्हणायची जिभेला सवय. शिवाय इतक्या आशेने बघणाऱ्या बाईला नाही कोण म्हणणार? दोन महिने मी लोणी लोणी करत राहिलो. गालावर चिकटवलेले कागदाचे कपटे पाहून साहेबांनी एकदा विचारलं, "घरी मांजर पाळलंय का?"

मग मामांची दाढी करायचा दिवस आला. तिने वस्तऱ्याचा पहिला हात फिरवला आणि मामांनी तिचं मनगट धरलं.

"हा वस्तरा आहे की किसणी?"

उरलेली दाढी त्यांनी स्वतः केली.

घरी आल्यावर तिने दार लावलं आणि म्हणाली, "तुम्ही दोन महिने माझ्याशी खोटं बोललात."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मग आज काय चांगलं वाटलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी फेस लावून झाल्यावर म्हणाली, "चपला काढा."

"दाढीला चपला कशाला काढायच्या?"

"काढा म्हणते ना!"

अकरा वर्षं ती झाडू घेऊन खुर्च्यांखाली वाकली होती. मामा गिऱ्हाइकाचं तोंड बघायचे, ही पाय बघायची. वस्तरा ओढला की माणूस तोंडाने काहीही म्हणो, त्याच्या पायाची बोटं मुडपतात. हे मामांनाही ठाऊक नव्हतं. तिने गालावर एक हात फिरवला आणि खाली पाहिलं.

"लोणी का?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या तोंडाला किंमत राहिली नाही, पायांना आली.

चूक कुठे होतेय तेही तिनेच शोधलं. माझ्या स्टॅम्पपॅडची शाई तिने धारेच्या कडेला लावली आणि वस्तरा दगडावर एकदाच फिरवला. शाई अगदी टोकाची तेवढी पुसली गेली, मागची तशीच राहिली. म्हणजे भाजीच्या सुरीच्या सवयीने ती वस्तऱ्याची पाठ उचलत होती. मग पाठ दगडाला टेकवून पुन्हा पहिल्यापासून. दीड महिना तिची मनगटं दुखत होती, पण एक सकाळ चुकवली नाही.

एका सकाळी मी फेस लावून, डोळे मिटून बसलो होतो. बराच वेळ गेला.

"कर ना सुरू," मी म्हणालो.

"झाली," ती म्हणाली.

मी गालावरून हात फिरवला आणि मला रडू आलं. आता ते दुखण्याचं नव्हतं.

दुसऱ्यांदा मामांकडे गेलो तेव्हा मी रजा टाकली होती. मामा खुर्चीत बसले होते, पायांत बंद बूट, नाड्या आवळलेल्या. बोटांची गोष्ट मीच त्यांना बढाई मारताना सांगून टाकली होती. बायकोने माझ्याकडे कसं बघितलं ते इथे लिहीत नाही.

पण बुटांकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. डाव्या हाताने गाल ताणला आणि सुरुवात केली. कानशिलापासून खाली, मग हनुवटी, मग गळा. आजवर चार उमेदवार मामांपुढे उभे राहिले होते. गळ्यापर्यंत पोचला होता तो एकटा जोडीदार, तोही मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले असताना. दुकानात केस तुटण्याचा बारीक आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने दुसराही एक येऊ लागला. मामा घोरत होते.

शेवटचा हात फिरवून तिने वस्तरा पुसला, तेवढ्यात दार ढकलून मास्तर आले. या म्हाताऱ्या मास्तरांनी मामांखेरीज कोणाला गालाला हात लावू दिलेला नव्हता.

"मामा, किती वेळ आहे?"

मामा दचकून जागे झाले. गालावरून खालून वर हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"तिकडे बसा, मास्तर. ती करील."

"का? तुम्हाला काय झालंय?"

मामांनी भाचीकडे पाहिलं. "मला इतकी चांगली येत नाही," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून असलं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. माझी छाती इतकी फुगली की मी मोठ्याने म्हणालो, "माझी बायको आहे ती!"

"हळू बोला हो, तिचा हात हलेल," मास्तर म्हणाले. ते दुसऱ्या खुर्चीवर बसले, चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि मान मागे टाकली.