रीसेट आक्कांच्या पहिल्या ओळी

मला माणसांत कुणी आणलं असं कुणी विचारलं, तर आधी रीसेट आक्कांचं नाव घेईन आणि मगच काय घडलं ते सांगेन. आक्का बेळगावच्या खासबागेत राहायच्या आणि उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या कारखान्यात बोर्डांचे प्रोग्रॅम लिहायच्या. नवं बोर्ड पहिल्यांदा चालू करायची वेळ आली की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. "तडी, तडी," म्हणायच्या. कानडीत थांब, थांब. सगळ्यांचे हात टेबलावरून निघाले की माझ्याकडे बघून मान हलवायच्या. ज्यानं बोर्डाला सोल्डरचे टाके घातले त्यानंच बटण दाबायचं, हा त्यांचा रिवाज. आणि टाके माझे असायचे.

मी निपाणीची. नववीत शाळा सुटली आणि एका नातेवाइकाच्या ओळखीनं मी त्या कारखान्यात सोल्डरिंगला लागले. बटण दाबायच्या आधी मी पुन्हा पुन्हा टाके तपासत बसायचे. धूर निघाला तर? उद्या घरी पाठवलं तर? आक्का हसायच्या. "घाबरतीस कशाला गं शालू? ह्यो प्रोसेसरबी जागा झाला की येडाच असतोय. आपण कोण, कुठं हाय, त्येला कायबी म्हाईत नसतंय. त्येला कोन हसतंय का?"

खरंच होतं ते. वीज आली की प्रोसेसर जागा होतो, पण आपल्याजवळ मेमरी किती, कुठल्या तारेला मोटर जोडलीय, कुठल्या तारेला दिवा, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या पहिल्या ओळी आक्कांच्या. बाकी प्रोग्रॅम कुणीही लिहू दे, जाग येतानाच्या ओळींना दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही. प्रोसेसरच्या या जागं होण्याला 'रीसेट' म्हणतात, म्हणून तर कारखान्यातल्या पोरांनी त्यांना 'रीसेट आक्का' करून टाकलं होतं. त्या ओळी पेन्सिलनं कागदावर लिहून, पुन्हा पुन्हा खोडून, मग एकेक आकडा चिपमध्ये भरायच्या. चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. तिच्यातून उजेड शिरून लिहिलेलं पुसू नये म्हणून ती झाकावी लागे. चिकटपट्टी संपली की आक्का माझ्या पाकिटातली टिकली मागून घ्यायच्या. "नटली बघ आमची पोरगी," म्हणायच्या.

त्यांचे वडील वीटभट्टीवर राबले होते. शिकून पुढं गेल्याचा तोरा आक्कांना नव्हता, पण कुणी "बाईमाणूस काय करणार" म्हणालं की चष्मा पुसत इतकंच विचारायच्या, "तुमच्या घरचं बटण कोन दाबतंय?"

एकदा मालकांनी हट्ट धरला. आमचं पहिलं मोठं काम निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीसाठी होतं. तंबाखू निवडायचा सरकता पट्टा आमच्या बोर्डावर चालणार होता. मालक म्हणाले, "आक्का, लाईट आल्या आल्या आधी आपलं नाव चमकलं पायजे. गिऱ्हाईक खूश!" आक्का नको नको म्हणत होत्या, पण शेवटी तसंच केलं. ओळींचा क्रम ठरला: आधी मेमरीची तपासणी, मग मालकांचं नाव, मग मोटरची तार; आणि बोर्ड वखारीत बसलं.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. आई त्याच वखारीत पट्ट्याशी बसून काडी निवडायची. जेवताना म्हणाली, "लाईट जाऊन आली की पट्टा एकदम हिसडा देतोय गं. काल शेजारणीचं बोट थोडक्यात वाचलं." माझा घास हातातच राहिला. निपाणीत लाईट दिवसभर ये-जा करायची, आणि आईची बोटं तंबाखूत. माझे टाके कच्चे असतील, आता आपल्याला काढणार, असंही वाटत राहिलं.

सोमवारी रडत रडत आक्कांना सांगितलं. त्यांनी लगेच कपाट उघडलं. तसलंच दुसरं बोर्ड काढलं, मोटरच्या जागी बल्ब जोडला, आणि मला बटण दाबायला लावलं. बल्ब भक्कन पेटला, मग मालकांचं नाव झळकलं, मग बल्ब विझला.

"बघितलंस? टाके झ्याक हाईत तुझे," आक्का म्हणाल्या. "मोटर बंद ठेव म्हणून त्येला आपण सांगेस्तोवर मोटरला वीज देणारा रिले चालूच राहतोय. चूक माझी हाय."

मालक आत आले. "नाव तर झकास दिसतंय की!"

"नाव चमकेस्तोवर पट्टा कोन धरून ठेवणार, मालक? तुमी?"

मालकांनी पेन्सिल पुढं केली. आक्कांनी तिथंच ओळींचा क्रम फिरवला आणि मला सांगितला, तो आजही पाठ आहे: "जाग आली की आधी हात बांध. मग डोळं उघडून बघ, आपल्याजवळ काय हाय. नाव सगळ्यात शेवटी सांग." रिलेच्या तारेला मी एक रेझिस्टर जोडला, म्हणजे ओळी सुरू व्हायच्या आधीही तो बंदच राहील.

त्याच दिवशी आम्ही दोघी बसनं निपाणीला गेलो. नवी चिप बसवली. आई पट्ट्याजवळच उभी. "तडी, तडी," आक्का म्हणाल्या, सगळ्या बायका मागं सरकल्या, आणि आक्कांनी हात पाठीमागे बांधले. मी मेन स्विच दाबला. पट्टा निवांत. मेमरी तपासून झाली, नाव आलं, पट्टा तरी निवांत. आईनं पुढं होऊन हिरवं बटण दाबलं, तेव्हा कुठं तो चालू लागला. आई आक्कांना म्हणाली, "बाई, च्या घ्या." दुसरं काय बोलणार?

लग्न होऊन मी इकडं दिल्लीजवळ फरिदाबादला आले. निघताना आक्का स्टेशनावर आल्या होत्या. हातात पुसलेली, कोरी चिप दिली, खिडकीवर टिकली. "ह्यात काय लिवायचं ते तू ठरीव," म्हणाल्या. इथली भाषा वेगळी, पाणी वेगळं. पहाटे जाग येते तेव्हा आपण कुठं आहोत हेच क्षणभर कळत नाही. मग मी आधी हात बांधते. मग डोळे उघडते. खासबागेतलं ते टेबल, पेन्सिलचा वास, आक्कांचा चष्मा, सगळं दिसतं, आणि हाताला काहीच लागत नाही.

आक्का, मी रात्रशाळेत नाव घातलंय. दहावी झाली की पुढचंही शिकणार. त्या चिपमध्ये माझ्या हातच्या पहिल्या ओळी भरून एक दिवस बेळगावला येईन आणि बोर्ड तुमच्यासमोर ठेवीन. टाके माझे, ओळीही माझ्या. मी हात पाठीमागे बांधून उभी राहीन. बटण तेवढं तुम्ही दाबायचं.