मानेतली नळी

हिंगोलीच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. मानेत सलाइनची नळी टाकल्यावर जवळा बाजार गावच्या एका पेशंटला थंडी वाजून ताप भरला. मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, एकाच वेळी नळीतून अन् हातातून रक्त घेऊ. नळीच्या रक्तात जंतू आधी वाढले, तर दोष नळीचा."

डॉक्टरांनी बाहेर जाऊन त्याच्या बायकोलाच झापलं, "ही घाण तुम्ही गावाकडून आणली!"

माझं डोकंच फिरलं. भांडून मी दोन्ही रक्तं तपासायला पाठवली. दोन्हींत जंतू निघाले, पण नळीच्या रक्तात आधी. नळी काढली, ताप उतरला. डॉक्टर मात्र त्या बाईशी एक शब्द बोलले नाहीत.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशीही ती नवऱ्याला हात लावण्याआधी साबणानं हात घासत होती. मी म्हणाले, "मावशी, तुमचं काहीच चुकलं न्हाई."

"व्हय बाई," ती म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब काहून खोटं बोलतील?"