धर्माबादच्या गाडीतला वर्गणीदार

मुदखेडहून धर्माबादला जाताना तो माझ्यासमोर बसला होता. अंगात पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर रुमाल. रुमालानं मोबाइलची काच पुसत पुसत तो चक्क माझाच लेख वाचत होता. गोदावरीतून बोटी लावून वाळू उपसतात आणि काठावरच्या विहिरी आटतात, याचा शोध मी वाचकांच्या वर्गणीवर घेतला होता. लेखातला माझा फोटो त्यानं माझ्या तोंडाशी ताडून पाहिला.

"साहेब, लई भारी लिवलं. म्या बी वर्गणी दिली हाय."

मी सुखावलो. "तुमचीही विहीर आटली का?"

"न्हाई हो. माझा वाळूचाच धंदा हाय. तुम्ही लिवलं अन् पलीकडच्या वाळूघाटावरचा गडी बंद पडला. आता समदी गिऱ्हाईकं माझ्याकडंच येऊन राहिली." त्यानं मनापासून हात जोडले.

"मग आता तुमच्या घाटावर येतो," मी म्हणालो.

तो जराही रागावला नाही. "या की! पण त्या लेखाची वर्गणी त्या पलीकडच्या गड्याकडून घ्या."

घरी पोचताच मी त्याची वर्गणी परत पाठवली. आठवड्यानं त्याच्या घाटावर गेलो, पाण्यासाठी वणवण करणाऱ्या बायकांशी बोललो आणि सगळं लिहिलं. लेख आला त्याच दिवशी कुणा अनोळखी गृहस्थानं भलीमोठी वर्गणी पाठवली. सोबत चिठ्ठी होती, 'असंच निर्भीड लिहा.'

चिठ्ठीखालच्या नंबरावर फोन करून मी आधी विचारलं, "आपला घाट कोणता?"